ऑनलाइन गेममधला लॅग घरच्या घरी शोधून दुरुस्त करण्याचा क्रम

गेममध्ये लॅग येतो म्हणून शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेवर नेला, पैसे जास्त गेले आणि लॅग जिथल्या तिथे राहिला, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या काही कमी होत नाही. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असते: दुखणे कुठे आहे हे न पाहता औषध घेतलेले असते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा बीजीएमआय यांसारख्या गेमना सेकंदाला एक-दोन मेगाबिट पुरून उरतात. त्यांना गरज असते ती प्रत्येक छोटा संदेश ठरल्या वेळेत पोचण्याची. प्लॅनचा आकडा एका सेकंदात किती माल वाहून नेता येईल एवढेच सांगतो. एखादा संदेश निघाल्यापासून किती वेळात पोचेल हे त्यावरून कळत नाही.

पुढचा क्रम आतून बाहेर जाणारा आहे. आधी खेळण्याचे यंत्र, मग घरातली जोडणी आणि सर्वांत शेवटी घराबाहेरचे, म्हणजे सर्व्हर आणि कंपनीची लाइन. हा क्रम मोडला की वाय-फायचा दोष सर्व्हरच्या माथी जातो आणि तापलेल्या फोनचा दोष इंटरनेट कंपनीच्या. दुसरा नियम त्याहून कडक आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलल्यावर पुन्हा मोजावे आणि आकडा लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्यावर लॅग गेला, तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत आला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

## तयारी

चार गोष्टी जमवून मगच बसावे. पहिली, राउटरपर्यंत पोचेल एवढी लॅन केबल; स्वतःची नसेल तर एका दिवसापुरती कुणाकडून तरी मागून आणावी, कारण पुढची अर्धी तपासणी तिच्यावर अवलंबून आहे. दुसरी, राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड. तो बहुतेक घरांत केबलवाल्याने टाकलेला असतो आणि घरातल्या कुणालाच माहीत नसतो, म्हणून तो आदल्या दिवशीच विचारून घ्यावा. तिसरी, वही किंवा फोनमधली नोंदींची जागा. चौथी गोष्ट म्हणजे योग्य वेळ. लॅग रात्री नऊ ते अकरा या वेळेत येत असेल तर रविवारी सकाळी केलेल्या मोजमापाचा एकट्याने काहीच उपयोग नाही. एक मोजमाप शांत वेळेचे आणि एक त्रासाच्या वेळेचे, अशी दोन्ही लागतात, कारण निदान त्या दोहोंतल्या फरकातूनच होते.

गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ), पॅकेट लॉस (वाटेत हरवलेले संदेश) आणि एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) हे तीन आकडे पडद्यावर दिसतील अशी सोय सुरू करून ठेवावी. व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओच्या सेटिंगखाली स्टॅट्स हा भाग आहे. तिथे नुसता आकडा न निवडता आलेख निवडावा. आकडा हा सरासरी सांगतो आणि लॅग बहुधा सरासरीत लपतो. आलेखावर मात्र एकेक सुळका स्पष्ट दिसतो.

## टप्पा १ : हा लॅग कोणत्या जातीचा आहे?

रोजच्या बोलण्यात आपण चार वेगळ्या गोष्टींना लॅग म्हणतो. त्या ओळखण्याची एक साधी चाचणी आहे आणि ती अर्ध्या मिनिटात होते. गेममध्ये एका जागी उभे राहावे आणि माउसने, किंवा फोनवर बोटाने, नजर गोल फिरवावी. नजर फिरवण्याचे गणित तुमचेच यंत्र करते. त्यासाठी ते सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत नाही. नजर फिरवतानाच चित्र अडखळत असेल तर दोष यंत्रात आहे, आणि इंटरनेटला हात लावण्याचे कारण नाही. नजर लोण्यासारखी फिरते, पण इतर खेळाडू उड्या मारताना दिसतात किंवा आपण चार पावले पुढे जाऊन मागे खेचले जातो, तर दोष जोडणीत आहे.

जोडणीतल्या दोषाचेही दोन प्रकार पडतात. सगळे काही नीट दिसते, फक्त गोळी झाडल्यावर परिणाम उशिरा होतो, हा जास्त पिंगचा प्रकार. मागे खेचले जाणे, म्हणजे ज्याला खेळाडू रबरबँडिंग म्हणतात, आणि मध्येच गोळ्या न लागणे हा पॅकेट हरवण्याचा किंवा पिंग सतत खालीवर होण्याचा प्रकार. याशिवाय चौथी जात अशी की सराव मैदानात एकटे असतानाही बटण दाबणे आणि कृती दिसणे यांत अंतर पडते. तिचा दोष पडदा, व्ही-सिंक (चित्रे पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) किंवा ब्लूटूथचा माउस आणि हेडफोन यांच्याकडे असतो.

तपासणी : एकच खेळाडू उड्या मारत असेल आणि बाकी सगळे नीट दिसत असतील, तर नेट त्याचे खराब आहे. सामन्यातले सगळेच एकाच वेळी चॅटमध्ये लॅगबद्दल लिहीत असतील, तर दोष सर्व्हरचा आहे. दोन्ही बाबतींत घरातले काहीही बदलू नये.

भिंतीआड गेल्यावरही मरण आले, ही तक्रार मात्र वेगळी ठेवावी. मारणाऱ्याने गोळी झाडली त्या क्षणी त्याच्या पडद्यावर काय दिसत होते, हे सर्व्हर मागे जाऊन तपासतो आणि त्यानुसार निकाल देतो. त्यामुळे समोरच्याचा पिंग जास्त असेल तर आपली जोडणी निर्दोष असूनही असे घडते. ते घरात बसून दुरुस्त होत नाही.

## टप्पा २ : मोजमाप

स्पीड टेस्ट या कामासाठी पुरेशी नाही. मोजायचे आहेत ते दोन रस्ते, तेही एकाच वेळी: यंत्रापासून राउटरपर्यंतचा आणि यंत्रापासून घराबाहेरच्या जगापर्यंतचा.

विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप केली की कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडते. तिच्यात आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर डिफॉल्ट गेटवे या नावापुढे जो पत्ता दिसतो, तो राउटरचा. बहुधा तो १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ असा असतो. आता पिंग हा शब्द, एक जागा, तो पत्ता, पुन्हा एक जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी हे अक्षर, अशी आज्ञा द्यावी. दुसरी काळी खिडकी उघडून तीच आज्ञा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या पत्त्यासाठी द्यावी. आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायचे. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून पंधरा मिनिटे चालू द्याव्यात आणि त्याच वेळी गेम खेळावा. दर सेकंदाला एक संदेश जात असल्यामुळे पंधरा मिनिटांत जवळपास नऊशे मोजमापे हाती येतात. शेवटी कंट्रोल आणि सी एकत्र दाबले की सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी वेळ, तसेच हरवलेल्या संदेशांची टक्केवारी खाली येते. चारही आकडे तारीख-वेळेसह लिहावेत. फोनवर खेळणाऱ्यांनी हीच मोजणी करणारे एखादे साधे पिंगचे अ‍ॅप घ्यावे.

वाचायचे कसे? लॅन केबलवर राउटरचा आकडा एक मिलिसेकंदाच्या आत राहिला पाहिजे. वाय-फायवर, राउटर त्याच खोलीत असताना, दोन ते पाच आणि क्वचित दहा. राउटरच्याच खिडकीत मधूनमधून पन्नास, शंभर, दीडशे असे आकडे येत असतील तर घराबाहेर पाहायची गरज नाही. दोष घरातल्या घरात आहे. राउटरची खिडकी स्वच्छ आणि बाहेरची बिघडलेली असेल, तर दोष एक तर लाइनमध्ये किंवा घरातल्याच कुणाच्या तरी मोठ्या अपलोडमध्ये असतो.

आकड्याच्या उंचीपेक्षा त्याच्या स्थिरपणाला मी जास्त महत्त्व देतो. साठवर स्थिर असलेल्या जोडणीवर हात बसतो. पंधरा आणि एकशेवीस यांच्यात हेलकावे खाणाऱ्या जोडणीवर कधीच बसत नाही. पॅकेट हरवण्याच्या बाबतीत तर एक टक्कासुद्धा पुष्कळ झाला. असे गेम बहुधा यूडीपी या पद्धतीने संदेश पाठवतात, त्यात हरवलेला संदेश आपोआप पुन्हा पाठवला जात नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा स्थिती अद्ययावत करतो. त्यातला एक टक्का म्हणजे सेकंदाला एकाहून अधिक संदेश गहाळ.

सावधान : ट्रेसरूट ही आज्ञा संदेश वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातो याची यादी देते. त्या यादीत मधल्याच एखाद्या टप्प्यावर मोठा आकडा किंवा तारांकने दिसली म्हणून तिथे दोष आहे असे ठरवू नये. मोठे राउटर अशा चौकशीला उत्तर देण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवतात किंवा देतच नाहीत. बिघाड त्या टप्प्यापासून पुढे थेट शेवटपर्यंत टिकत असेल, तरच तो खरा. कंपनीकडे चुकीचा पुरावा घेऊन गेलेल्या तक्रारी बहुधा इथेच फेटाळल्या जातात.

## टप्पा ३ : यंत्र

पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत नजर अडखळली असेल त्यांनी इथे थांबावे. बाकीच्यांनी वाचून पुढे जावे.

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ दाखवायची तर जेमतेम ६.९. सरासरी एफपीएस चांगला असूनही अडखळते, कारण मध्येच एखादे चित्र साठ-सत्तर मिलिसेकंद घेते. यावरचा उपाय पुष्कळांना उलटा वाटतो: एफपीएस मोकळा सोडण्याऐवजी यंत्राला सतत झेपेल अशा आकड्यावर बांधून ठेवावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांवर राबत नसले की चित्रांमधले अंतर समान राहते.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि पॉवर मोड बॅटरी बचतीचा नसावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला म्हणजे तो आपोआप १४४ वर चालतो असे नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. टीव्हीवर खेळणाऱ्यांनी गेम मोड सुरू करावा. फोनच्या बाबतीत उष्णता हा मुख्य शत्रू आहे. पहिले दोन सामने सुरळीत आणि तिसऱ्यात अडखळ, हे लक्षण जवळजवळ नेहमी तापलेल्या फोनचे असते, कारण तापमान वाढले की फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो. कव्हर काढावे, चार्जिंगला लावून खेळणे टाळावे, ग्राफिक्स एक पायरी खाली आणावे.

तपासणी : सराव मैदानात पाच मिनिटे नजर फिरवून चित्र एकदाही अडखळले नाही, तर हा टप्पा संपला.

## टप्पा ४ : एकदा तरी केबल लावून पाहावे

हा टप्पा वगळणारे सर्वांत जास्त वेळ वाया घालवतात. कायम केबलवर खेळायचे नसले, तरी निदानासाठी पंधरा मिनिटे ती लावलीच पाहिजे. केबलवर दोन्ही खिडक्या शांत झाल्या तर वाय-फाय दोषी ठरले, आणि पुढचा सगळा तपास एका खोलीपुरता उरला.

साधी कॅट ५ई केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग देते. गेमसाठी महागडी केबल घेण्याची गरज नाही. पण केबल धड असली पाहिजे. माझ्या एका मित्राकडे दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेलेली केबल दाराच्या फटीतून नेली होती. तो खेळायला बसताना दार लावून घेत असे, आणि दार लावले की पॅकेट हरवू लागत. आम्ही तपासायला जायचो तेव्हा दार उघडे असायचे आणि सगळे व्यवस्थित दिसायचे. तीन आठवडे आम्ही राउटर, ड्रायव्हर आणि कंपनी यांच्यामागे लागलो. शेवटी पिंगची खिडकी चालू ठेवून मी सहज दार ओढून घेतले आणि उत्तरे येणे थांबले. केबल हातात घेऊन पाहिली तर एका जागी ती चपटी होऊन आतली तार उघडी पडली होती.

तपासणी : विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहावा. दोन्ही बाजूंचे पोर्ट गिगाबिटचे असूनही तिथे १०० दिसत असेल, तर केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली किंवा कनेक्टरमध्ये नीट न बसलेली आहे. शंभरचा वेग चार तारांवर भागतो, गिगाबिटला आठही लागतात. अशी केबल बदलूनच टाकावी.

## टप्पा ५ : वाय-फायवरच खेळायचे असेल तर

प्रथम जागा. राउटर बहुतेक घरांत खेळाडूच्या सोयीने लावलेला नसतो. केबलवाल्याने भोक जिथे पाडले तिथे तो बसतो. मग तो दाराच्या वरच्या फळीवर, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या आड असतो. धातू आणि सिमेंटच्या भिंती लहरी अडवतात, म्हणून राउटर उघड्यावर, उंचीवर आणि खेळण्याच्या खोलीच्या शक्य तितका जवळ आणावा. फायबर दाराशीच संपत असेल, तरी तिथून आतपर्यंत दहा मीटर लॅन केबल ओढून राउटर आत ठेवता येतो, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मग बँड. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाटीच्या इमारतीत पंचवीस-तीस शेजारी त्या तिघांत कोंबलेले असतात, ब्लूटूथ तिथेच चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. म्हणून गेमसाठी ५ गिगाहर्ट्झ. दोन्ही बँडना राउटरने एकच नाव दिलेले असेल तर यंत्र कधी इकडे, कधी तिकडे उडी मारते आणि प्रत्येक उडीला पिंगचा सुळका येतो. त्यांना वेगळी नावे द्यावीत आणि खेळण्याच्या यंत्रातून २.४ चे नाव विसरायला लावावे. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधला चॅनेल निवडावा, कारण मधल्या काही चॅनेलवर रडारची चाहूल लागताच राउटरला ते सोडून दुसरीकडे जावे लागते आणि त्या क्षणी जोडणी तुटते. चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आणली तर डाउनलोडचा वेग उतरतो, पण दाट वस्तीत पिंग जास्त स्थिर राहतो. गेमसाठी हा सौदा फायद्याचा आहे.

सावधान : सिग्नलच्या पाच दांड्या दिसाव्यात म्हणून रिपीटर आणून खोलीत लावणे ही वारंवार होणारी चूक आहे. साधा रिपीटर प्रत्येक संदेश त्याच हवेतून दुसऱ्यांदा पाठवतो; दांड्या वाढतात आणि उशीरही वाढतो. मेश, म्हणजे घरभर एकच वाय-फाय पुरवणारा अनेक डब्यांचा संच, घ्यायचाच तर त्याचे दोन डबे एकमेकांना केबलने जोडता येतील असे पाहावे.

ठराविक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा, एकच सुळका येत असेल तर यंत्र पार्श्वभूमीत नवी वाय-फाय नेटवर्क शोधत आहे असे समजावे. वाय-फायचा ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर हे बहुधा थांबते; फोनवर लोकेशनच्या सेटिंगमधले वाय-फाय स्कॅनिंग बंद करावे.

## टप्पा ६ : अपलोडची रांग, म्हणजेच बफरब्लोट

इतर सगळे ठीक असूनही संध्याकाळी पिंग वाढतो अशा घरांत मी सर्वांत आधी याच टप्प्याकडे वळतो, कारण हा दोष सर्वांत जास्त घरांत असतो आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असतो.

द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्याशी सुट्टीच्या दिवशी लागणारी रांग आठवावी. रस्ता कितीही रुंद असला, तरी नाक्यावर एकामागे एक गाड्या उभ्या राहिल्या की छोट्या मोटारीलाही तेवढेच थांबावे लागते. घरातून बाहेर जाणाऱ्या संदेशांचे तेच होते. कुणाचा तरी मोठा व्हिडिओ चढू लागला की राउटर किंवा फायबरचा डबा तो माल आपल्या पोटात साठवून घेतो, आणि गेमचा चिमुकला संदेश त्याच्या मागे उभा राहतो. पोटात अर्धा मेगाबाइट साठला आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस असला, तर रांग रिकामी व्हायला दोनशे मिलिसेकंद लागतात. पिंग १२ चा २१२ होतो, आणि स्पीड टेस्ट मात्र उत्तम येते.

माझ्या स्वतःच्या घरी रोज रात्री पावणेदहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे असे होत असे. वही काढून वेळा लिहिल्या तेव्हा कळले की त्याच वेळी आई जेवणाचे आवरून फोन चार्जिंगला लावते, आणि दिवसभरात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ बॅकअपसाठी चढू लागतात. बॅकअपची वेळ पहाटेवर ढकलली आणि त्रास त्याच दिवशी संपला.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. ८.८.८.८ ची पिंगची खिडकी चालू ठेवावी आणि दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करावी. आकडा पाच-दहाने वाढला तर चिंता नाही. तो शंभराच्या पुढे उडाला आणि अपलोड थांबवताच खाली आला, तर निदान पक्के झाले.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी फुकट आहे: फोटो-बॅकअप, वनड्राइव्हसारखी आपोआप चढवणारी सोय, घरातल्या कॅमेऱ्याचे क्लाउड रेकॉर्डिंग आणि स्टीमचे अपडेट यांच्या वेळा बदलाव्यात किंवा त्यांना वेगाची मर्यादा घालावी. दुसरी पायरी कायमची आहे: ज्या राउटरमध्ये एसक्यूएम ही सोय असते, तो वापरून रांग हुशारीने सांभाळायला लावणे. त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक यांपैकी एक पद्धत निवडता येते; ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर दोन्ही मिळतात. केबलवर शांत वेळी मोजलेल्या अपलोड आणि डाउनलोडच्या ८५ ते ९० टक्के एवढी मर्यादा तिथे भरावी. थोडा वेग मुद्दाम सोडून द्यायचा आहे, कारण तेवढा सोडला तरच रांग फायबरच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये, म्हणजे आपल्या हातात, राहते.

सावधान : राउटरमधला क्यूओएस, म्हणजे कुणाचे संदेश आधी जावेत हे ठरवणारी सोय, सुरू करून यंत्राला प्राधान्य दिले, पण वेगाची मर्यादा भरलीच नाही, तर काहीही बदलत नाही. रांग दुसऱ्याच डब्यात लागलेली असताना आपल्या दारात प्राधान्य देऊन उपयोग नसतो. तसेच कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावताना कंपनीला तो डबा ब्रिज मोडवर टाकून द्यायला सांगावे, म्हणजे तो राउटरचे काम न करता नुसता माल पुढे देतो. नाहीतर दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलत राहतात आणि व्हॉइस चॅट किंवा मित्रांशी जोडणी अडकते.

## टप्पा ७ : सर्व्हर आणि अंतर

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यायला कमीत कमी दहा मिलिसेकंद. ही मर्यादा कोणताही राउटर किंवा प्लॅन ओलांडू शकत नाही. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणून चाळीसच्या खाली पिंग मिळणारच नाही, आणि केबल वळसे घेत जात असल्यामुळे प्रत्यक्षात साठ किंवा त्याहून जास्त मिळतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचे सर्व्हर मुंबईत आहेत. पुण्यातून त्यांच्याशी पिंग साठ दिसत असेल, तर आधी गेमने सिंगापूरचा सर्व्हर तर निवडला नाही ना, हे पाहावे. काउंटर-स्ट्राइकमध्ये जास्तीत जास्त किती पिंग चालेल हे ठरवण्याची सोय आहे. ती मर्यादा खाली आणावी.

मित्रमंडळ विखुरलेले असेल तर गणित करून सर्व्हर निवडावा. एक जण पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असेल, तर मुंबईच्या सर्व्हरवर अमेरिकेतल्याला दोनशेच्या आसपास पिंग सोसावा लागतो. गेम परवानगी देत असेल तर पश्चिम युरोपातला सर्व्हर दोघांनाही खेळता येईल अशा मध्यावर पडतो. व्हॅलोरंटमध्ये खाते प्रदेशाला बांधलेले असल्यामुळे हा मार्ग बंद आहे. परदेशी सर्व्हरचा पिंग एका दिवसात वाढून काही दिवस तसाच राहिला, तर समुद्राखालच्या केबलची बातमी पाहावी; सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या जोडण्यांना असाच फटका बसला होता.

डीएनएस बदलल्याने खेळतानाचा पिंग कमी होत नाही. डीएनएस सर्व्हरचा पत्ता शोधून देतो, तो मिळाल्यावर त्याचे काम संपते. पिंग बूस्टर म्हणवणारी बहुतेक फोन अ‍ॅप पार्श्वभूमीतली अ‍ॅप बंद करण्यापलीकडे काही करत नाहीत.

## टप्पा ८ : कंपनीकडे तक्रार

केबलवर, घरातले इतर सगळे यंत्र बंद असताना, राउटरची खिडकी स्वच्छ आणि बाहेरची बिघडलेली, अशी नोंद हातात आल्यावरच हा टप्पा येतो. आधी फायबरच्या डब्याकडे पाहावे. एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही. भिंतीपासून डब्यापर्यंतची पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी कुठे कडक वळलेली, खुर्चीखाली चेपलेली किंवा खिळ्यात अडकलेली असेल तर ती मोकळी करावी. डब्याच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवरचा आकडा दिसतो. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असावा. उणे २७ च्या आसपास गेलेली लाइन पावसाळ्यात हमखास त्रास देते.

सावधान : फायबरचे टोक काढून त्यात डोकावून पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

लाल दिवा नाही, ऑप्टिकल पॉवर ठीक आहे, सकाळी पिंग १० आणि रात्री नऊनंतर ९०, तोही रोज, तर परिसरातली लाइन गर्दीच्या वेळी अपुरी पडत आहे. एकाच गेमच्या सर्व्हरपुरता पिंग जास्त असेल तर कंपनीने निवडलेला मार्ग लांबचा आहे. त्याची खात्री व्हीपीएनने, म्हणजे आपले संदेश दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने, होते: मुंबईतलाच व्हीपीएन लावून पिंग कमी झाला, तर मार्ग चुकीचा होता हे सिद्ध झाले. एरवी व्हीपीएनने पिंग वाढतोच, म्हणून त्याचा उपयोग परीक्षेपुरता मर्यादित ठेवावा.

तक्रार लिहिताना "नेट स्लो आहे" असे लिहू नये. त्यावर स्पीड टेस्ट करून तक्रार बंद केली जाते. किमान तीन दिवसांच्या तारखा, वेळा, केबलवरचे मोजमाप, राउटरचा आकडा, बाहेरचा आकडा आणि हरवलेल्या पॅकेटची टक्केवारी द्यावी. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्यावा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तंत्रज्ञ बहुधा दुपारी येतो आणि दुपारी लाइन स्वच्छ असते, म्हणून भेटीची वेळ संध्याकाळची मागावी आणि ती मिळत नसेल तर पिंगच्या खिडकीचे रात्रीचे फोटो त्याला दाखवावेत. दुरुस्ती झाल्याचा निरोप आला तरी तक्रार बंद करायला लगेच हो म्हणू नये. त्याच रात्री, त्याच वेळी, त्याच केबलवर पुन्हा पंधरा मिनिटे मोजावे, नवा आकडा वहीत जुन्याच्या शेजारी लिहावा आणि मगच संमती द्यावी.